कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि आपापल्या गावच्या दगडी इमारती: वाचकांचे प्रश्न

कोल्हापूरच्या टाऊन हॉलचं छायाचित्र गेल्या अंकात छापलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्मी त्या इमारतीच्या इतिहासाबद्दल आहेत आणि निम्मी आपल्या गावातल्या तशाच इमारती कशा सांभाळायच्या याबद्दल. दोन्हींची उत्तरं इथे एकत्र देत आहोत.

प्रश्न: सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेतल्या काळ्या दगडाच्या इमारतीला सगळे टाऊन हॉल म्हणतात, पण आत तर संग्रहालय आहे. ती मुळात कशासाठी बांधली? शाहू महाराजांनी बांधली असं ऐकलं आहे, ते खरं का? (वाचक, सांगली)

नाही. कोल्हापुरात जुनी आणि देखणी म्हणून जी वास्तू दिसेल ती शाहू महाराजांच्या नावावर जाते, पण इथे तारखा जुळत नाहीत. टाऊन हॉलचं बांधकाम १८७२ ते १८७६ या काळातलं आहे. शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा. ते दत्तक आले १८८४ मध्ये आणि राज्यकारभार त्यांच्या हाती आला १८९४ मध्ये.

त्याआधीच्या घडामोडी पाहिल्या की इमारतीचा संदर्भ कळतो. राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स इथे वारले. त्यांच्यामागे १८७१ मध्ये चौथे शिवाजी महाराज दत्तक आले, तेही लहान वयात. त्यामुळे प्रत्यक्ष कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालत होता. शाळा, रुग्णालय, ग्रंथालय, सभागृह अशा सार्वजनिक इमारती उभ्या करायच्या, त्याही इंग्रज अभियंत्याच्या आराखड्यावर, हा त्या काळच्या कारभाराचा ठसा आहे. टाऊन हॉल त्याच ओळीतला.

आपल्याकडे टाऊन हॉल म्हणजे प्रामुख्याने सभागृह: व्याख्यानं, जाहीर सभा, सत्कार, समारंभ यांची जागा. नगरपालिकेची कचेरी तिथे असायलाच हवी असं नव्हतं. मुंबईचा १८३३ मध्ये पुरा झालेला टाऊन हॉल घ्या. तिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे आणि महापालिकेची इमारत साठ वर्षांनी दुसरीकडेच उभी राहिली. कोल्हापुरात नगरपालिका १८५४ पासून आहे, म्हणजे टाऊन हॉलपेक्षा जुनी.

संग्रहालय १९४६ चं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झालं, तिथे निघालेल्या वस्तू ठेवायला जागा हवी होती, आणि त्यातून हे संग्रहालय उभं राहिलं. आज ते राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.

प्रश्न: टाऊन हॉल आणि नवा राजवाडा एकाच माणसाने आखले असं वाचलं. दोन्हींचं रूप इतकं वेगळं कसं? (वाचक, पुणे)

माणूस एकच, मेजर चार्ल्स मँट. रॉयल इंजिनिअर्समधला लष्करी अभियंता. अजमेरचं मेयो कॉलेज त्याचंच, बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडाही त्याचाच. १८८१ मध्ये तो वारला, तेव्हा बडोद्याचं काम अर्धवट होतं. ते रॉबर्ट चिझमने पुरं केलं.

टाऊन हॉल गॉथिक वळणाचा आहे: टोकदार कमानी, उभट खिडक्या, तीव्र उताराचं छप्पर, सुळक्यासारखे मनोरे. सगळी नजर वर ओढली जाते. नवा राजवाडा १८७७ ते १८८४ मधला. त्यात मध्यावर घड्याळाचा मनोरा आहे, पण कमानी, छत्र्या, खांब आणि सज्जे हे गुजरात-राजस्थानातल्या मंदिरांतून, राजवाड्यांतून आणि इथल्या वाड्यांतून घेतलेले. पुढे या पद्धतीला इंडो-सारासेनिक हे नाव पडलं. दोन्हीकडे दगड तोच, काळा. आमच्या मते मँट समजून घ्यायचा तर या दोन वास्तू एकाच दिवशी, आधी टाऊन हॉल आणि मग राजवाडा अशा क्रमाने पाहाव्यात. पहिलीत तो स्वतःच्या देशातली भाषा नीट बोलतो, दुसरीत इथली बोलायला लागतो. राजवाडा जास्त श्रीमंत आहे, पण बांधणीची शिस्त पाहायची तर टाऊन हॉलच पाहावा. तिथे नक्षीच्या आड काही लपलेलं नाही.

प्रश्न: टोकदार कमान फक्त दिसायला असते की तिचा काही उपयोग असतो? (वाचक, मिरज)

उपयोग असतो. कोणतीही कमान वरचा भार खाली नेते आणि त्याबरोबर दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर ढकलते. हे ढकलणं कमानीच्या उंचीवर ठरतं: गाळा (कमानीच्या दोन टेकूंमधलं अंतर) तेवढाच ठेवून उंची वाढवली तर ढकलणं कमी होतं. दोन मीटरच्या गाळ्यावर अर्धगोल कमान एक मीटर चढते. त्याच गाळ्यावर, जिच्या दोन्ही बाजूंची त्रिज्या गाळ्याइतकी आहे अशी टोकदार कमान साधारण १.७३ मीटर चढते. भार सारखा धरला तर बाहेरचा रेटा ढोबळमानाने चाळीस टक्क्यांनी उतरतो. शिवाय टोकदार कमानीची उंची कमी-जास्त करता येते, म्हणून अरुंद खिडकी आणि रुंद दरवाजा यांचे माथे एका ओळीत आणता येतात. अर्धगोल कमानीत ते जमत नाही.

जुन्या कमानीच्या टोकापाशी केसाएवढी उभी भेग दिसली म्हणून घाबरू नका, भेग वाढते आहे का ते पाहा. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवा, तारीख लिहा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्या. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे असं समजा आणि मग अभियंत्याला बोलवा.

प्रश्न: मुंबईच्या गॉथिक इमारतींवर पानं, पक्षी, माकडं कोरलेली दिसतात. कोल्हापुरात तसं नाजूक काम का नाही? (वाचक, ठाणे)

दगडामुळे. मुंबईत भिंतींना कुर्ल्या-मालाडचा पिवळसर दगड आणि नक्षीला पोरबंदरचा मऊ दगड मिळाला. कोल्हापूरचा दगड म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. तो कोरता येतो, अंबाबाईचं देऊळ त्याचीच साक्ष आहे. पण छिन्नी लवकर बोथट होते आणि वेळ कितीतरी पट लागतो. चार वर्षांत सार्वजनिक इमारत पुरी करायची तर नक्षी कमी आणि घडाई चोख, हाच मार्ग उरतो.

प्रश्न: आमच्या गावचं नगरपालिकेचं जुनं सभागृह काळ्या घडीव दगडाचं आहे. काही वर्षांपूर्वी सगळ्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरून घेतल्या. तेव्हापासून आतल्या भिंतींना ओल आणि लोणा (क्षारांचा पांढरा थर) आहे, गिलाव्याचे पोपडे पडतात. आधी असं नव्हतं. वॉटरप्रूफ रंग लावावा का? (वाचक, सातारा जिल्हा)

रंग लावू नका. तुमची भिंत आधीच कोंडली गेली आहे.

अशा भिंतीत बाहेरून खांडकी म्हणजे घडीव दगडाचा थर असतो, आतूनही बहुधा दगडच, आणि मधल्या जागेत चुन्यात बसवलेले लहान-मोठे दगड. पाणी त्या मधल्या भरावात कुठून ना कुठून शिरतंच: छपरातून, पायातून, बारीक भेगांतून. बाहेर पडायला त्याला वाट किती? काळा पाषाण इतका घट्ट असतो की त्यातून पाणी जवळजवळ जात नाही. राहिल्या दर्जा. ३० बाय २० सेंटिमीटरचे दगड आणि १२ मिलिमीटरची दर्ज धरली तर एक चौरस मीटर भिंतीत दर्जांची लांबी सव्वाआठ मीटर भरते, आणि त्यांचं क्षेत्रफळ भिंतीच्या जेमतेम एक दशांश. म्हणजे सगळी भिंत दहा टक्के जागेतून सुकत होती. ती दहा टक्के जागा सिमेंटने बंद केली. पाणी मग आतल्या गिलाव्याकडे वळतं, वाटेतले क्षार बरोबर आणतं आणि तिथे सुकताना लोणा सोडतं.

आधी पाण्याचा उगम शोधा. छपराच्या पन्हळी आणि पावसाचे नळ भर पावसात उभं राहून पाहा. मग जोत्याकडे बघा. अलीकडे इमारतीभोवती पेव्हर ब्लॉक बसवायची पद्धत पडली आहे आणि दर वेळी जमीन थोडी वर चढते. जमिनीची पातळी जोत्याच्या माथ्यापेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली हवी, आणि भिंतीपासून दीड-दोन मीटरपर्यंत उतार बाहेरच्या बाजूला हवा, ५० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर इतका. हे न करता दर्जांना हात लावला तर खर्च वाया जाईल.

नंतर सावलीतल्या बाजूला एक चौरस मीटरचा नमुना करून घ्या. सिमेंट काढायला अरुंद छिन्नी आणि अर्धा-पाऊण किलोची हातोडी. ग्राइंडर वापरू देऊ नका. त्याचं पातं उभ्या दर्जेत हमखास पुढे सरकतं आणि वर-खालच्या दगडाच्या कडेला खाच पाडतं, ती कायमची. सिमेंट फारच घट्ट असेल तर दर्जेच्या मधोमध ५-६ मिलिमीटरची भोकं ओळीने पाडा, मग ते तुकड्यांनी निघतं. तरीही दगडाची कड तुटत असेल तर तेवढं सिमेंट तिथेच राहू द्या.

दर्ज २५ मिलिमीटर किंवा रुंदीच्या दुप्पट, यांत जे जास्त असेल तितकी खोल साफ करा. ब्रशने धूळ काढा. आदल्या संध्याकाळी पाणी मारा आणि भरायच्या आधी पुन्हा. दर्ज ओली हवी, पण आत पाणी चमकता कामा नये. चुन्याचा माल दाबून भरा, खोल दर्ज दोन थरांत. बाहेरची कड दगडाच्या कडेपासून एक-दोन मिलिमीटर आत ठेवा. दगडावर उठावदार पट्टा ओढायचा नाही. त्या पट्ट्यावर पाणी थांबतं आणि दगडाची घडाई झाकली जाते. अंगठा रुतत नाही पण नख उमटतं अशा वेळी ताठ केसांच्या ब्रशने ठोकून घ्या. त्यामुळे पृष्ठभाग खुला राहतो आणि बारीक भेगा बुजतात. मग ओली गोणपाटं सात ते दहा दिवस. गोणपाट दुपारी कोरडं पडलं की माल भुसभुशीत होतो आणि बोटाने खरवडला तरी निघतो. ठेकेदार मग चुन्याला दोष देतात, पण चूक पाणी मारण्यातली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. एप्रिल-मेच्या उन्हात आणि पावसात हे काम काढू नये.

आतून सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग काढा आणि भिंत एक पूर्ण कोरडा हंगाम उघडी ठेवा. जाड भिंत महिन्याला इंचभर सुकते असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे दोन फुटी भिंतीला दोन वर्षंही लागू शकतात. उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून ओल्या भिंतीवर गिलावा चढवला की पुढच्या दिवाळीला पुन्हा पोपडे. शेवटी चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी.

प्रश्न: ठेकेदार म्हणतो, जुन्यासारखा चुना आता मिळत नाही, पिशवीतली भुकटी चालेल. शंभर चौरस मीटर दर्जांना चुना किती लागेल? गूळ-हिरडा घालायचा का? (वाचक, वाई)

चुना मिळतो, ताजा मागावा लागतो. पिशवीतली भुकटी किती दिवसांची आहे हे कळत नाही. हवा लागून ती हळूहळू पुन्हा चुनखडी बनते आणि मग तिच्यात जोडण्याची ताकद राहत नाही. चमचाभर भुकटीवर लिंबाचा रस पिळा. जोरात फसफसली तर तो माल भिंतीला नको. चांगली चुनकळी (भट्टीतून निघालेले चुन्याचे कोरडे खडे) पाण्यात टाकली की काही मिनिटांत तडकते, उकळते आणि फुटून लोण्यासारखी होते. तळाला न फुटलेले खडे खूप राहिले तर भट्टी कच्ची आहे.

हिशेब असा. १२ मिलिमीटर रुंद, २५ मिलिमीटर खोल आणि चौरस मीटरला सव्वाआठ मीटर लांब दर्ज म्हणजे अडीच लिटर माल. सांडलवंड धरून तीन. शंभर चौरस मीटरला तीनशे लिटर. एक भाग चुना, तीन भाग वाळू या प्रमाणात चुना वाळूच्या पोकळ्यांतच मावतो, म्हणून वाळू तीनशे लिटर आणि मुरलेला चुना शंभर लिटर लागतो. किलोभर चांगल्या चुनकळीतून दोन लिटरच्या आसपास चुना निघतो, म्हणजे पन्नास किलो. खडे-कचरा जाईल म्हणून साठ किलो आणा.

चुना विरवताना लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुनकळी थोडी थोडी सोडा. चुनकळीवर वरून पाणी ओतलं तर उकळता चुना अंगावर उडतो. प्लॅस्टिकचं पिंप वितळू शकतं. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, चुन्याने डोळा जातो. दुसऱ्या दिवशी तीन मिलिमीटरच्या जाळीतून गाळा आणि वर बोटभर पाणी राहील असा झाकून ठेवा. किमान तीन आठवडे, तीन महिने मुरला तर उत्तम. म्हणून काम नोव्हेंबरात काढायचं असेल तर चुना गणपतीआधी भिजत पडायला हवा.

वाळू धुतलेली, खरखरीत, तीन मिलिमीटरपर्यंतची. पावसाच्या माऱ्यातल्या बाजूला एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग वाळू असं प्रमाण घ्या. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटांची बारीक पूड. तिच्यामुळे माल ओलसर जागीही घट्ट होतो. काळ्या पडलेल्या, जास्त भाजलेल्या विटांची पूड निरुपयोगी. गूळ-हिरड्याचं पाणी थोडं चालतं, पण ते जास्त झालं की माल घट्ट व्हायला वेळ लागतो आणि बुरशी धरते. माल घोटून घोटून लवचीक करणं हे गुळापेक्षा महत्त्वाचं. पूर्वी त्यासाठीच बैलाची घाणी असायची. आणि ‘मूठभर सिमेंट टाकू का’ असं विचारलं तर नाही म्हणा.

प्रश्न: आमच्याकडे सभागृहाचं छप्पर फक्त मनोऱ्याला लागून गळतं. दर वर्षी डांबर लावतो, दर वर्षी गळतं. (वाचक, रत्नागिरी)

छपराचं पाखं (उतरती बाजू) आणि उभी भिंत जिथे भेटतात तिथे लाकूड आणि दगड वेगवेगळं हलतात. डांबर उन्हात कडक होतं, सांध्यापाशी सुटतं, आणि मग त्याच्यामागे पाणी अडकतं. तिथे पत्र्याची पट्टी हवी: भिंतीवर १५ सेंटिमीटर चढलेली, वरची कड दर्जेत २५ मिलिमीटर आत खोचून पाचरीने घट्ट केलेली, आणि वरून चुना. खालची कड कौलांवर मोकळी राहू द्यायची. ती खिळ्यांनी ठोकली की पत्रा फाटतो.

गळती नक्की कुठे आहे ते पाइपाने पाणी सोडून शोधा. सुरुवात खालून करा, एका जागी दहा-पंधरा मिनिटं, मग हातभर वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच पसरतं आणि काहीच कळत नाही. आत कैचीची (छपराचा भार पेलणाऱ्या लाकडी चौकटीची) टोकं जिथे भिंतीत जातात तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर लाकूड कुजलं आहे, आणि तेव्हा गळतीपेक्षा ते काम आधी.

दोन पाख्यांमधली पन्हळ माणसाचं पाऊल मावेल इतकी रुंद हवी. मृगाच्या आधी एकदा साफ करायची आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा. पहिल्या पावसात सगळा पालापाचोळा वाहून तिथेच येतो.

प्रश्न: मनोऱ्यात पिंपळ उगवलाय. उपटावा का? (वाचक, इचलकरंजी)

बोटापेक्षा बारीक रोप असेल तर पावसाळ्यात मुळासकट उपटा. त्याहून जाड असेल तर अजिबात ओढू नका, मुळांबरोबर दगड येतील. खोड दहा सेंटिमीटर ठेवून कापा, खुंटात तिरपी भोकं पाडून तणनाशक भरा आणि वरून ओली माती थापा. ग्लायफोसेट वापरायचं तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच, तसा नियम आहे. खुंट पूर्ण वाळला की एकेक थर सोडवत मुळं काढा आणि लगेच चुन्याने भरा. मुळं तशीच ठेवली तर ती कुजतात आणि आत पोकळी राहते. नुसती फांदी छाटणं हा सर्वांत वाईट उपाय: वर काही दिसत नाही आणि आत मुळं जाड होत जातात.

प्रश्न: संग्रहालयात वेळ कमी असेल तर काय चुकवू नये? (वाचक, बेळगाव)

ब्रह्मपुरीचं दालन. तिथे पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची तळहातावर मावेल एवढी काशाची मूर्ती आहे. सातवाहन काळात रोमन जगाशी जो व्यापार होता त्यातून ती पंचगंगेच्या काठी आली. त्यानंतर कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं पाहा.

प्रश्न: आमच्या गावच्या सभागृहाचा मूळ आराखडा आणि साल कुठे सापडेल? कोनशिला नाही. (वाचक, सांगली जिल्हा)

संस्थानी मुलूख असेल तर संस्थानाचे वार्षिक कारभार अहवाल पाहा, त्यात इमारतींवरचा खर्च सालवार असतो. कोल्हापूर आणि आसपाससाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार आणि १८८६ मध्ये निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा चोविसावा खंड यांपासून सुरुवात करा. गॅझेटियरमध्ये इमारतीचा उल्लेख असेल तर ती १८८६ च्या आधीची, एवढं तरी पक्कं होतं. नगरपालिकेत जुनी ठराव-बुकं आणि मोजमाप-पुस्तकं मागा. अर्जात ‘इमारतीचा इतिहास’ असं लिहिलं तर उत्तर येत नाही. सिटी सर्व्हे नंबर, विभागाचं नाव आणि अंदाजे पाच वर्षांचा पट्टा लिहा.

आराखडा मिळालाच नाही तर स्वतः मोजून काढा. फीत, ओळंबा आणि दोन माणसं एवढ्यावर होतं. प्रत्येक खोलीच्या चार भिंतींबरोबर दोन्ही कर्णही मोजा, कारण जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात आणि कर्ण नसतील तर कागदावर त्या बंद होत नाहीत. मापं फुटांतही लिहा. भिंतीची जाडी मीटरमध्ये ०.६१ येते तेव्हा काही सुचत नाही, दोन फूट म्हटलं की बांधणाऱ्याचा हिशेब दिसतो. दुरुस्ती सुरू होण्याआधी प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढा, फोटोत मोजपट्टी ठेवा, आणि एक प्रत नगरपालिकेत, एक गावच्या वाचनालयात द्या.